रस्ता खोदायचाय? मग जामीन कोण? ईस्ट बेमधल्या एका बाँडचं प्रकरण

कॅलिफोर्नियात ठेकेदाराकडे राज्याचा परवाना असला, विमा असला, हाताशी चांगली माणसं असली, तरी गिऱ्हाइकाच्या हद्दीबाहेरचं एक फूट डांबर उकरायला एवढं पुरत नाही. तिथून पुढे रस्ता शहराचा, आणि त्या शहराच्या नावे जामीन बाँड, म्हणजे ठेकेदार चुकला तर शहराला पैसे देऊ अशी जामीन कंपनीची लेखी हमी, द्यावा लागतो. पुढचं प्रकरण अशाच एका पहिल्या बाँडचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर लहान ठेकेदारांच्या बाबतीत जे घडतं, ते इथे एकाच कंपनीच्या गोष्टीत बांधलं आहे. कायदे आणि नियम जसेच्या तसे आहेत. माणसं, संवाद आणि प्रकरणातल्या रकमा मांडणीपुरत्या. शहराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण बाँडचा आकडा, फॉर्म आणि मुदत शहरागणिक बदलते.

घर, पाइप आणि विक्री

ठेकेदार मूळचे इचलकरंजीचे, सिव्हिलचा डिप्लोमा केलेले. इथे ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि राज्याच्या ठेकेदार मंडळाचा परवाना दोन वर्गांत काढला: जनरल इंजिनिअरिंगचा ‘ए’ आणि प्लंबिंगचा ‘सी-३६’. सोबत एक मेक्सिकन फोरमन आणि दोन कामगार. बायको आयटीत, पगार तिचा पक्का. कंपनीची कामं तोवर सगळी कुंपणाच्या आत होती: गरम पाण्याच्या टाक्या, जुन्या घरांचं पाइपिंग, अंगणातली सांडपाण्याची लाइन.

मग एका ओळखीच्या मराठी कुटुंबाचं घर विकायला निघालं. घर १९२० च्या दशकातलं, म्हणजे खाली भाजलेल्या मातीचे पाइप. असे पाइप सांध्यांवर सुटतात आणि झाडांची मुळं आत शिरतात. पावसाळ्यात त्याच फटींतून जमिनीतलं पाणी गटारात जातं, आणि सांडपाणी केंद्रं तुंबली की अर्धवट शुद्ध केलेलं पाणी उपसागरात सोडावं लागतं. यावर केंद्रीय पर्यावरण संस्थेने कोर्टात धाव घेतली आणि २०१४ मध्ये समझोता झाला. त्याच्याही आधी, २०११ पासून, ‘ईस्ट बे मड’ने (या भागातलं पाणी आणि सांडपाणी बघणाऱ्या ईस्ट बे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टला इथे सगळे असंच म्हणतात) खासगी लाइनसाठी, म्हणजे घरातून गटारापर्यंत जाणाऱ्या सांडपाण्याच्या पाइपसाठी, नियम आणला होता: घर विकताना, एक लाख डॉलरवरचं बांधकाम करताना किंवा पाण्याच्या मीटरचा आकार बदलताना लाइनची चाचणी करायची आणि ती पार पडल्याचा दाखला घ्यायचा. पूर्ण लाइन नवी घातली तर दाखला २० वर्षं चालतो.

या घराची लाइन चाचणीत नापास झाली. कॅमेरा आत सोडल्यावर दिसलं की अंगणातला भाग बरा आहे, खराबी रस्त्याखाली, मेनला, म्हणजे रस्त्याखालच्या मुख्य गटाराला, जिथे जोड आहे तिथे. या शहरात मेनपर्यंतची लाइन घरमालकाची. म्हणजे पैसे घरमालकाचे, खड्डा शहराच्या रस्त्यात.

काम पाइप बर्स्टिंगचं ठरलं: घराजवळ एक खड्डा, मेनजवळ दुसरा, मधून जुना पाइप फोडत नवा एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) पाइप ओढायचा. करार १६,००० डॉलरचा. घराचा व्यवहार महिनाभरात पुरा व्हायचा होता.

“पंचवीस हजारांचा आहे की!”

शहराच्या परमिट खिडकीवर ठेकेदारांनी परवाना दाखवला, विम्याचा दाखला दाखवला. पलीकडून विचारणा झाली, एक्सकॅव्हेशन (खोदाईचा) बाँड कुठे आहे? रक्कम २५,०००.

“तो तर आहेच,” असं म्हणून त्यांनी ठेकेदार मंडळाकडे दिलेल्या बाँडची प्रत पुढे केली. तोही २५,००० चाच. १ जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियात प्रत्येक परवानाधारकाला तेवढ्याचाच बाँड द्यावा लागतो. आधी तो १५,००० होता. खिडकीवरच्या बाईंनी प्रत पाहिली आणि परत दिली.

आकडा सारखा आला म्हणून हा घोटाळा जास्त होतो, पण दोन्ही बाँडांचे धनी वेगळे आहेत. परवान्याचा बाँड कोणासाठी, ते राज्याच्या व्यवसाय संहितेत लिहिलेलं आहे: ज्याच्या घराचं काम बिघडवलं तो घरमालक, जाणूनबुजून केलेल्या नियमभंगाने किंवा फसवणुकीने नुकसान झालेला माणूस, पगार बुडालेला कामगार. रस्ता खचला म्हणून शहराने त्यावर हात टाकावा, यासाठी तो नाही. शिवाय ते २५,००० राज्यभरातल्या सगळ्या दावेदारांत मिळून आहेत. शहराला स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या रस्त्यापुरता जामीन हवा असतो.

आणि का हवा असतो, हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. शाळा किंवा पूल बांधायला दिला की सरकार मालक असतं, बिलं तेच देतं. काम वाईट झालं तर बिल अडवता येतं, राखीव रक्कम दाबून ठेवता येते. तिथेही कामपूर्तीचा बाँड लागतोच. केंद्र सरकारच्या बांधकामांना तो १९३५ च्या मिलर कायद्याने लावला आहे. पण लाइनच्या कामात शहर कोणाला पैसेच देत नाही. ठेकेदाराचं बिल घरमालक देणार, घरमालक घर विकून जाणार, आणि खड्डा मागे राहणार. शहराच्या हातात अडवायला काहीच नसतं. बाँडने ते अडवण्याचं साधन मिळतं. म्हणूनच १६,००० च्या कामाला २५,००० चा बाँड मागितला तर त्यात विसंगती नाही. ती रक्कम ठेकेदाराच्या करारावर बेतलेली नसते. उद्या शहराला स्वतःचा माणूस लावून तो रस्ता उकरून पुन्हा करावा लागला तर काय पडेल, त्यावर ती बेतलेली असते.

ठेकेदारांचा चुलतभाऊ कोल्हापूरकडे केबलच्या खोदाईची कामं घेतो. त्याला फोनवर हे ऐकून नवल वाटलं. त्याचा अनुभव वेगळा होता. मुंबई-पुण्यासारख्या महापालिकांत खोदाईची परवानगी मागितली की पुनर्भरणाचं शुल्क मीटरमागे आधीच भरून घेतात, आणि रस्ता पूर्ववत करणं बहुतेक वेळा महापालिकेच्या ठेकेदाराकडे जातं. वर अनामत किंवा बँक हमी. खोदणारा पैसे भरून मोकळा. चर नीट भरला गेला नाही की दोष कोणाचा यावर नंतर वर्तमानपत्रांत पत्रं येतात. कॅलिफोर्नियाच्या या शहरात खोदणाऱ्यानेच शहराच्या मानकाप्रमाणे रस्ता पूर्ववत करायचा आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याची जबाबदारी घ्यायची. मला ही पद्धत बरी वाटते, पण लहान माणसाला ती सुरुवातीला जड जाते हेही खरं.

रोख, ठेव की बाँड

शहराने तीन वाटा दिल्या होत्या. एक, २५,००० डॉलर रोख जमा करा, हमीची मुदत संपली की परत घ्या. दोन, बँकेच्या ठेवीवर शहराचा बोजा चढवून द्या. तीन, जामीन कंपनीचा बाँड आणा.

ठेकेदारांचा कल पहिल्या वाटेकडे होता. “पैसे आपलेच, परत येणार, कुणाचे उपकार नकोत.” हा विचार आपल्याकडच्या बँक हमीतून आलेला आहे. बँक हमी देताना ठराविक टक्के मुदत ठेव मार्जिन म्हणून अडकवून ठेवते. नव्या किंवा लहान ठेकेदाराकडून कधी कधी शंभर टक्के मागते. त्यामुळे हमी म्हणजे स्वतःचेच पैसे बांधून ठेवणं, हे डोक्यात पक्कं बसतं. भारतात विमा कंपन्यांना जामीन बाँड देण्याची वाट विमा नियामक आयआरडीएआयच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोकळी झाली, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरला नितीन गडकरी यांच्या हस्ते बजाज अलियान्झचा असा पहिला बाँड बाजारात आला. आधी त्यावर कंत्राटाच्या किमतीच्या ३० टक्क्यांची मर्यादा होती, ती २०२३ मध्ये उठली. पण हे सारं मोठ्या महामार्गांच्या निविदांपुरतं ऐकू येतं. इचलकरंजीच्या डिप्लोमाधारकाच्या व्यवहारात ते अजून यायचं आहे.

हिशेब मांडला तेव्हा चित्र पालटलं. कंपनीकडे खेळतं भांडवल चाळीस हजारांच्या आसपास. त्यातले पंचवीस शहराकडे पडले तर पाइप ओढण्याचं यंत्र भाड्याने घ्यायला, पगाराला आणि डांबराला उरणार पंधरा. पैसे किमान वर्षभर अडकणार, कारण शहराच्या फॉर्मप्रमाणे अंतिम मंजुरीपासून एक वर्ष दुरुस्तीची हमी. या वर्षात दुसऱ्या शहरात काम मिळालं तर तिथे पुन्हा तेवढेच. उलट बाँडला हप्ता लागतो तो रकमेच्या काही टक्के. पत चांगली असली तर एवढ्याशा परमिट बाँडला साधारण एक ते तीन टक्के.

पत चांगली असली तर.

सही कोणाची

मोठ्या कंत्राटाच्या बाँडला जामीन कंपनी ताळेबंद, बँकेची मर्यादा, हातातली कामं सगळं तपासते. पंचवीस हजारांच्या परमिट बाँडला एवढं कोणी बघत बसत नाही. एक पानी अर्ज, परवान्याची स्थिती, आणि मालकांची वैयक्तिक पत. आमच्या ठेकेदारांच्या नावावर अमेरिकेत कर्ज असं फार कधी नव्हतंच. क्रेडिट कार्ड एक, तेही उशिरा घेतलेलं. बिलं सगळी वेळेवर, पण इतिहास तोकडा. इचलकरंजीतलं घर आणि ठेवी त्यांनी अर्जात लिहिल्या, त्या एजंटने सरळ खोडल्या; परदेशातली मालमत्ता वसूल करायची कशी, हा जामीन कंपनीचा साधा प्रश्न असतो. दर आला चार टक्के. वर्षाला १,०००.

एजंट म्हणाला, पत्नीची सही आणा, दर निम्म्यावर येईल. तिच्या नावावर घराचं कर्ज होतं, गाडीचं होतं, आणि सगळं वेळेवर फेडलेलं.

मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच लोक स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभ्या उभ्या उरकतात. सही ज्या कागदावर करायची तो बाँड नसतो, तो भरपाईचा करारनामा असतो. वहिनींनी, म्हणजे ठेकेदारांच्या पत्नीने, तो वाचला. सहा पानं, बारीक अक्षर. मग हिशेबनीसाला फोन केला.

“भाऊजी, हा विमाच ना? हप्ता आपण भरतोय. मग नुकसान झालं तर पैसे त्यांनी द्यायचे. इथे तर लिहिलंय की आम्ही त्यांना परत द्यायचे.”

“बरोबर लिहिलंय वहिनी. ते तुमच्यासाठी नाहीत, शहरासाठी आहेत. शहराला ते देतील, आणि मग तुमच्याकडून घेतील.”

“मग हप्ता कशाचा?”

“त्यांच्या नावाचा. शहर तुम्हाला ओळखत नाही, त्यांना ओळखतं.”

प्रश्न अगदी नेमका होता. विम्यात कंपनी हजार जणांकडून हप्ते घेते आणि त्यातल्या काहींचं नुकसान होणार हे गृहीत धरते. जामिनात नुकसान होणारच नाही असं धरून बाँड दिला जातो; झालंच तर ते ज्याच्यामुळे झालं त्याच्याकडून वसूल करायचं. ज्याने शब्द पाळायचा तो पक्ष, ज्याला शब्द दिला तो पक्ष आणि मध्ये जामीन, ही तिकोनी रचना कॅलिफोर्नियाच्या नागरी संहितेत आहे आणि भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मध्येही. दोन्ही कायदे १८७२ चे. जामीनदाराने फेडलेलं मूळ ऋणकोकडून परत मागण्याचा हक्क आपल्याकडे कलम १४५ देतं. इथला करारनामा त्याच्या बराच पुढे जातो.

त्यातल्या तीन गोष्टी वहिनींनी पेन्सिलने खुणावल्या होत्या. दावा आला की तो द्यायचा की लढायचा हे जामीन कंपनी ठरवणार, तुम्ही नाही. कंपनीने दिलेल्या पैशांचा तिने स्वतः काढलेला हिशेब हाच प्रथमदर्शनी पुरावा धरला जाणार, त्यात वकिलाची फीही. आणि दावा अजून सिद्ध झाला नसला तरी कंपनी तारण मागू शकते. शेवटचा मुद्दा ऐकून ठेकेदार थोडे गप्प झाले.

“घर अडकतं का यात?” हा वहिनींचा पुढचा प्रश्न. सही केली म्हणून घरावर आपोआप बोजा चढत नाही. पण देणं वैयक्तिक होतं, कंपनी कॉर्पोरेशन असली तरी. कॅलिफोर्नियात लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक मानली जाते, त्यामुळे नवऱ्याच्या एकट्या सहीनेही सामाईक मालमत्तेला धग लागू शकते. बायकोच्या सहीने तिची स्वतःची, वेगळी मिळकतही रांगेत येते.

वहिनींनी सही केली, पण एक अट घालून: जामीन कंपनीकडून येणारं प्रत्येक पत्र आणि ईमेल आपल्याही पत्त्यावर यावं. दर दोन टक्के झाला. हप्ता ५००. वर्षाला ५०० डॉलर वाचवण्यासाठी तिने आपली बचत जोखमीत घालावी का, याचं उत्तर माझ्या मते साधं ‘हो’ नाही. एवढ्याच बाँडसाठी विचाराल तर मी चार टक्के भरले असते.

कागद दोनदा परत

एजंटने बाँड छापून दिला आणि शहराने तो परत पाठवला. दोन कारणं. बाँड जामीन कंपनीच्या छापील नमुन्यावर होता. शहराला आपल्याच वकिलाने मंजूर केलेला फॉर्म लागतो. त्यात हमीचं एक वर्ष आणि रद्द करण्याआधी ३० दिवसांची नोटीस असते. दुसरं, कंपनीचं नाव. परवाना कॉर्पोरेशनच्या पूर्ण नावावर होता, बाँडवर गाडीच्या दारावर रंगवलेलं धंद्याचं छोटं नाव. माणसाला दोन्ही एकच, पण मंडळाच्या नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळलं नाही तर खिडकीवरचा माणूस पुढे जात नाही, आणि त्याने जाऊही नये. दावा करायची वेळ आली की हाच फरक वकिलाच्या कामी येतो.

सुधारून आलेला बाँडही परत गेला. यावेळी जामीन कंपनीच्या वतीने सही करणाऱ्याचं अधिकारपत्र जोडलेलं नव्हतं. कंपनीचा अध्यक्ष काही प्रत्येक बाँडवर सही करत नाही. एजंटच्या कचेरीतल्या कोणाला तरी मुखत्यार नेमलेलं असतं, आणि त्या नेमणुकीचा कागद व सहीची नोटरी बाँडसोबत जावी लागते. शिवाय जामीन कंपनी कॅलिफोर्नियाच्या विमा खात्याकडे नोंदलेली असावी लागते. इथे ती होती. इंटरनेटवर सर्वांत स्वस्त दर शोधणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी विमा खात्याच्या यादीत नाव बघावं, एवढं सांगतो आणि पुढे जातो.

या ये-जा करण्यात घरविक्रीची तारीख डोक्यावर आली. विकणारे काका-काकू डॅलसला मुलाकडे जाणार होते, सामान बांधलेलं. काकांनी ठेकेदाराला सुनावलं, “अरे, एका कागदापायी माझं घर अडकलं म्हणजे काय?” घर अडकायचं कारण नव्हतं. ईस्ट बे मडच्या नियमातच सोय आहे: व्यवहाराच्या वेळी ४,५०० डॉलर अनामत ठेवली तर दाखल्यासाठी १८० दिवसांची मुदतवाढ मिळते, आणि दाखला आणला की अनामत परत. घर विकलं गेलं, अनामत ठेवली गेली, ठेकेदाराला श्वास घ्यायला वेळ मिळाला. मौज अशी की त्या एका पाइपवर आता दोन जामीन उभे होते, ४,५०० पाइप बदलला जावा म्हणून आणि २५,००० त्यावरचा रस्ता नीट राहावा म्हणून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दाखला मिळाला म्हणून बाँड सुटत नाही, हे काकांना शेवटपर्यंत पटलं नाही.

खड्डा

परमिट ऑक्टोबरात हाती आलं. त्या गल्लीचं डांबर अलीकडे झालेलं नव्हतं हे नशीब. इथल्या बऱ्याच शहरांत नव्या डांबरीकरणावर काही वर्षं खोदाईबंदी असते. सॅन फ्रान्सिस्कोत ती पाच वर्षांची आहे. जागा पांढऱ्या रंगाने आखून ८११ ला, म्हणजे खोदाईआधी कळवायच्या फोन नंबरवर, कळवलं. खोदण्याआधी किमान दोन कामकाजाचे दिवस हे करावंच लागतं. मग गॅस, पाणी, वीज, टेलिफोनवाले येऊन आपापल्या रंगात लाइनी दाखवून जातात. (भारतातही मार्च २०२३ पासून याच कामाचं ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲप आहे.) मेन सात फूट खोल होता. पाच फूट किंवा त्याहून खोल चरात माणूस उतरणार असेल तर राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याचं, कॅल-ओशाचं, वेगळं परमिट आणि शोअरिंग (चराच्या भिंती ढासळू नयेत म्हणून लावलेले टेकू) लागतं. ते फोरमनने चोख केलं. पाइप एका दिवसात ओढला गेला, चाचणी पास, दाखला मिळाला, अनामत सुटली.

राहिलं खड्डा भरणं. शहराच्या मानकात दोन पर्याय होते: खडीचा भराव थराथराने टाकून प्रत्येक थर ठोकायचा, किंवा सिमेंटची पातळ स्लरी ओतायची, जी स्वतःच बसते. स्लरीला ट्रक मागवावा लागतो आणि ती घट्ट होईपर्यंत रस्त्यावर पोलादी पत्रा टाकून थांबावं लागतं. आठवड्याचा शेवट, आभाळ भरलेलं. त्यांनी खडी निवडली. वरचे थर नीट ठोकले गेले, शोअरिंग काढताना खालचे ठोकले गेले नसावेत. निरीक्षकाने वरून पाहिलं, घनतेची चाचणी वरच्या थराची झाली, डांबर पडलं, मंजुरी मिळाली.

ईस्ट बेची माती चिकट, पाण्याने फुगणारी आणि उन्हात आक्रसणारी. जानेवारीच्या पावसानंतर डांबराचा तो चौकोन दीड-दोन इंच खाली बसला. सायकलवाल्याने तक्रार केली. शहराने ठेकेदाराला ईमेल पाठवला: दहा दिवसांत दुरुस्त करा. ठेकेदारांनी वाचला आणि बाजूला ठेवला. त्यांचं म्हणणं होतं, काम निरीक्षकाने पास केलंय, आणि बाँड आहेच की, त्यांचं ते बघून घेतील. दुसरा ईमेलही तसाच गेला. तिसरं पत्र शहराने जामीन कंपनीला लिहिलं.

जामीन कंपनीचं पत्र घरी आलं ते दोघांच्या नावे. वहिनींनी उघडलं. मजकूर सभ्य होता: दावा मिळाला आहे, आपलं म्हणणं व कागदपत्रं अमुक तारखेपर्यंत पाठवा, न पाठवल्यास करारनाम्यातील हक्क राखून पुढील कार्यवाही करू. शहराने सोबत स्वतःचा अंदाज जोडला होता. शहराच्या ठेकेदाराकडून उकरून, स्लरी भरून, मोठा चौकोन कापून डांबर करायला ९,२००. देखरेखीचा खर्च वेगळा.

त्या संध्याकाळी घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ठेकेदारांनी आधी विमा एजंटला फोन केला, सर्वसाधारण दायित्वाच्या पॉलिसीत बसतंय का विचारायला. सायकलवाला पडून हात मोडला असता तर बसलं असतं. स्वतःचं काम स्वतः पुन्हा करण्याचा खर्च त्यात बसत नाही. मग त्यांनी शहराला फोन केला, चूक मान्य केली आणि स्वतः दुरुस्तीची परवानगी मागितली. शहराला पैशात रस नव्हता, रस्त्यात होता. त्यांनी लगेच होकार दिला. सॉ-कटने, म्हणजे डांबर कापायच्या करवतीने, मूळ खड्ड्याच्या चारही बाजूंनी फूटभर जास्त कापून, जुनी खडी उपसून, स्लरी ओतून डांबर केलं. खर्च ३,८०० आणि दोन दिवस. शहराने दावा मागे घेतल्याचं पत्र जामीन कंपनीला दिलं. कंपनीने एक डॉलरही दिला नव्हता, म्हणून वसुलीही नाही.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. त्यांनी आणखी पंधरा दिवस काढले असते तर ९,२००, देखरेखीचा खर्च, वर जामीन कंपनीच्या वकिलाची फी असं सगळं त्यांच्याच अंगावर आलं असतं. शिवाय बाँडच्या प्रत्येक पुढच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुमच्या वतीने कोणत्याही जामीन कंपनीला कधी दावा भरावा लागला आहे का? तिथे ‘हो’ लिहिणाऱ्या लहान ठेकेदाराला साध्या दरात कोणी विचारत नाही, आणि बाँड नाही म्हणजे शहरातल्या रस्त्यावर काम नाही. खड्ड्याच्या पैशांपेक्षा हे जास्त महाग पडतं. फोरमनला दुसऱ्या दिवसापासून नियम लागला: पाच फुटांखाली स्लरीच, आभाळ कसंही असो.

सुटका

दुरुस्तीमुळे त्या पॅचपुरतं हमीचं वर्ष नव्याने सुरू झालं, त्यामुळे बाँडचा दुसऱ्या वर्षाचा ५०० चा हप्ता भरावा लागला. असे बाँड आपोआप संपत नाहीत. काम झालं, वर्ष उलटलं, तरी शहराने ‘मोकळं केलं’ असं लेखी दिल्याशिवाय जामीन कंपनी हप्त्याचं बिल पाठवत राहते, आणि शहर आपणहून पत्र देत नाही. ठेकेदारांच्या जुन्या फायलींत दोन-दोन, तीन-तीन वर्षं विनाकारण भरलेले हप्ते मी पाहिले आहेत. या प्रकरणात वर्ष भरायच्या महिनाभर आधी वहिनींनीच शहराकडे अंतिम पाहणीची मागणी टाकली. निरीक्षक आला, पॅचवर सरळपट्टी ठेवून पाहिली, आणि आठवड्याने मुक्ततेचं पत्र आलं. ते जामीन कंपनीला पाठवलं, तिसऱ्या वर्षाचं बिल आलं नाही.

त्यानंतर कंपनीने शहराच्या सगळ्या परमिटांना मिळून एकच वार्षिक बाँड घेतला, कारण लाइनची कामं वाढली होती. यावेळी अर्जासोबत कंपनीची दोन वर्षांची कर-विवरणपत्रं जोडली आणि पत्नीची सही न घेता दर मागितला. तीन टक्के आला. ठेकेदार घासाघीस करायला निघाले होते. वहिनी म्हणाल्या, “भरून टाक.” जुन्या करारनाम्यातून आपलं नाव पुढच्या बाँडांपुरतं काढल्याची लेखी नोटीसही त्यांनी त्याच दिवशी जामीन कंपनीला पाठवली. आधी दिलेल्या बाँडासाठी ती सही बांधलेलीच राहते; तिथे शहराचं मुक्ततेचं पत्र हाती असणं कामी आलं.